गेमबॉयचा सेल बदलण्याआधी सेव्ह उतरवून घ्या

गेमबॉय या हातात धरून खेळायच्या गेमयंत्राच्या जुन्या कार्ट्रिजमधला सेल काढला की साठवलेला गेम, म्हणजे सेव्ह, पुसला जातो. म्हणून आधी यूएसबी कार्ट्रिज रीडरने सेव्ह कॉम्प्युटरवर घ्या.

१. मुंबईच्या दमट हवेत कार्ट्रिजच्या पिनांवर काळपट थर बसतो. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, काडीवर काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. लॅमिंग्टन रोडला मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे ते मिळतं. पॉलिश पेपर नको, मुलामा निघतो. आणि फुंकर मारायची लहानपणची सवयही सोडा.
२. सुकल्यावर, पिना नीट लागतात का ते पाहायला, रॉम (कार्ट्रिजमधला मूळ गेम) दोनदा उतरवा. दोन्ही फायलींचा एमडी५ (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) जुळला नाही तर पुन्हा पुसा.
३. मग सेव्ह उतरवून एम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर गेमबॉयचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) उघडा. गेम सोडला होता तिथूनच सुरू झाला, तरच सेलला हात लावा.

सेल बदलला की तीच फाइल परत चढवायची. मात्र उतरवताना चुकून ‘राइट’ दाबलंत, तर जुना सेव्ह गेलाच.