नदीच्या पाण्याचा नमुना घेताना या चुका टाळा

दर हंगामाला नवे स्वयंसेवक येतात आणि त्याच त्या चुका पुन्हा सुरू होतात. त्यांचा उत्साह खरा असतो आणि मला त्याचं कौतुकच आहे. पण आपण नदीकाठच्या फळ्यावर लिहिलेल्या जंतूंच्या आकड्याच्या भरवशावर कुणीतरी आपलं पोर पाण्यात सोडणार असतं. म्हणून यंदा तोंडी सांगत बसण्याऐवजी लिहूनच काढते.

पायाखालचा गाळ बाटलीत

या एका चुकीने आमचा जवळजवळ अख्खा महिना खाल्ला.

त्या हंगामात पोहण्याच्या एका जागेचे आकडे सलग तीन शनिवार हजाराच्या वर आले, म्हणजे दर १०० मिलिलिटरमागे ई. कोलाय (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेले आतड्यातले जंतू) हजाराच्या वर. वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला मात्र सगळं नेहमीसारखं. फुटलेलं गटार सापडतंय का म्हणून आम्ही काठ पालथा घातला. शेवटी जवळच गुरं बांधणाऱ्या एका कुटुंबावर संशय घेतला आणि तो त्यांना बोलूनही दाखवला. मुलांचं पोहणं तर केव्हाच बंद केलं होतं.

चौथ्या शनिवारी मी नमुना घेणाऱ्या मुलाबरोबर गेले आणि काही न बोलता काठावर उभी राहिले. मुलगा मनापासून काम करणारा. तो भराभर कमरेइतक्या पाण्यात गेला, प्रवाहाकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने बाटली उघडली. त्याच्या पायांनी उठवलेला तपकिरी ढग प्रवाहाबरोबर त्याच्या पुढ्यात पसरत होता. बाटली नेमकी त्यातच बुडाली.

तिथल्या तिथे दोन बाटल्या भरल्या, एक त्याच्या पद्धतीने आणि एक माझ्या. ई. कोलाय असले तर अतिनील उजेडात निळं चमकणारं रसायन घालून दोन्ही पाणी छोट्या खणांच्या ट्रेंमध्ये भरलं आणि दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत दोन्ही ट्रे अतिनील दिव्याखाली धरले. त्याच्या ट्रेची जवळजवळ सगळी खणं निळी चमकत होती. माझ्या ट्रेमध्ये निम्म्याहून जास्त खणं साधी पिवळीच राहिली होती. जागा तीच, वेळ तीच. त्या संध्याकाळी आम्ही त्या कुटुंबाकडे जाऊन माफी मागितली.

कारण साधं आहे. ई. कोलाय वाहत्या पाण्यात उन्हाने लवकर मरतात, पण तळच्या गाळात ऊन पोचत नाही आणि खायलाही मिळतं, तिथे ते बरेच जास्त दिवस टिकून राहतात. गाळ ढवळला की गेल्या कित्येक दिवसांचा साठा तुम्ही वर काढता.

म्हणून तोंड कायम प्रवाहाकडे. पाण्यात उतरलात तर हळू चाला, जागेवर उभं राहून उठलेला गाळ वाहून जाऊ द्या आणि हात लांब करून समोरचं, न ढवळलेलं पाणी घ्या. बाटली बुडाशी धरायची, उपडी करून साधारण ३० सेंटिमीटर खाली न्यायची आणि मग तोंड प्रवाहाकडे वळवायचं. भरली की वर बोटभर जागा सोडायची, म्हणजे तपासताना नीट हलवता येते. युरोपीय संघाच्या २००६च्या नियमांतही शक्य तिथे ३० सेंटिमीटर खालून आणि निदान १ मीटर खोल पाण्यातूनच नमुना घ्यायला सांगितलंय. मी स्वतः आता पाण्यात उतरतच नाही, लांब दांडीला बाटली अडकवून काठावरून घेते. गाळ उठत नाही आणि प्रवाहाला ओढ असली तरी धोका नाही.

बाटली विसळणं

रासायनिक तपासणीच्या बाटल्या नदीच्या पाण्याने तीनदा विसळतात, तीच सवय लोक इथे आणतात. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक असते, ती विसळायची नसते. आत पांढरी पूड किंवा गोळी दिसली तर ती घाण नव्हे. ते सोडियम थायोसल्फेट असतं, पाण्यात क्लोरिन असलाच तर तो मारण्यासाठी. आणि झाकण हातातच ठेवा, आतल्या बाजूला बोट न लावता. दगडावर ठेवलेलं झाकण मी बाद धरते, बाटलीसकट.

बर्फ आणि घड्याळ

बाटलीतलं पाणी जिवंत असतं. गरम राहिलं तर काही जंतू मरतात, काही वाढतात, आणि नेमकं काय झालं ते आकड्यावरून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून भरल्याक्षणी बाटली थंड पेटीत जायला हवी, १० अंशांच्या खाली, पण गोठता कामा नये. प्रयोगशाळेत पोचायला जास्तीत जास्त ६ तास, पोचल्यावर तपासणी सुरू व्हायला २ तास.

सुटा बर्फ वापरू नका. तो वितळतो, बाटल्या त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडतात आणि झाकणाच्या फटीतून ते पाणी आत शिरतं. मी पाण्याच्या बंद बाटल्या गोठवून त्याच पेटीत रचते. शिवाय एका जादा बाटलीत साधं पाणी भरून त्यात थर्मामीटर ठेवते, म्हणजे नमुने खरोखर किती थंड आहेत ते झाकण उघडताच कळतं.

पण घड्याळाचं काय? पाच जागांचे नमुने आणि पाचही ओळींत ‘९:००’ लिहिलेला कागद माझ्यासमोर किती वेळा आलाय, मोजलेलं नाही. पाच जागी एकाच मिनिटाला कुणी उभं राहू शकत नाही. ही वेळ घरी बसून आठवून लिहिलेली असते आणि मग त्या ६ तासांना अर्थ उरत नाही. असा कागद आला की मी पाचही नमुने रद्द करते. लोक नाराज होतात. एकदा एकीने विचारलं, ‘ताई, दहा-वीस मिनिटांनी काय बिघडतं?’ मिनिटांनी फारसं बिघडत नाही. पण वेळ अंदाजाने लिहिणारा माणूस पुढे तापमानही अंदाजाने लिहितो, आणि एक दिवस नमुना न घेताच आकडा लिहितो. शिसपेन्सिल दोरीने वहीला बांधा आणि पुढच्या जागी निघण्याआधी ओळ पूर्ण करा. शाई ओल्या हाताने फरफटते. क्रमांक बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात.

टीडीएस मीटर खिशात घेऊन येणं

हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. पीएच पट्टीलाही दिसत नाहीत. नितळ पाणी बघून ‘स्वच्छ आहे’ म्हणणाऱ्या डोळ्यांनाही नाहीत.

नमुना सोयीच्या जागी घेणं

पुलावरून दोरी सोडणं सोपं, पण लोक पोहतात तिथलाच नमुना हवा. वेळही ठरलेली ठेवा. सकाळी लवकर घेतलेला आणि दुपारच्या कडक उन्हानंतर घेतलेला नमुना शेजारी ठेवून तुलना होत नाही.

कोरा नमुना टाळणं

निर्जंतुक पाण्याची बाटली बरोबर न्या, काठावर ते पाणी नमुन्याच्या बाटलीत ओता आणि बाकीच्यांबरोबर तपासा. त्यात जंतू उगवले तर चूक तुमच्या हातांची आहे. दर फेरीला एक. घाई असली तरी.

आकडे वाचताना

मर्यादांची सरमिसळ फार होते. अमेरिकेच्या पोहण्याच्या पाण्याच्या २०१२च्या निकषांतल्या दोनपैकी एका संचात ई. कोलायची भौमितिक सरासरी (आकड्यांची बेरीज नव्हे, गुणाकार करून काढलेली, एखाद्या मोठ्या आकड्याने कमी फुगणारी) १२६ आणि वरची मर्यादा ४१० आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आंघोळीच्या पाण्याचा निकष विष्ठाजन्य कोलिफॉर्मचा आहे: ५०० इष्ट, २५०० कमाल. ई. कोलाय हा विष्ठाजन्य कोलिफॉर्मचाच एक भाग. त्यामुळे आपला ई. कोलायचा आकडा २५००शी ताडून ‘निम्म्यातसुद्धा नाही’ म्हणणं ही फसवणूक आहे, न कळत केली तरी.

सरासरीचंही तसंच. समजा महिन्याचे पाच आकडे ६०, ८०, ७०, ९० आणि २४०० आले. साधी सरासरी ५४०, भौमितिक सुमारे १४९. निकष भौमितिक सरासरीचा असेल तर तीच काढा, पण २४०० आला त्या दिवशी काय झालं होतं ते आधी शोधा. बहुतेक वेळा पाऊस असतो. आणि ट्रेची सगळी खणं निळी चमकली तर ‘२४१९पेक्षा जास्त’ असं लिहा, कारण त्यापुढे ट्रेला मोजता येत नाही. नुसतं २४१९ लिहिलं की तो मोजलेला आकडा वाटतो, खरा किती वर आहे ते कुणालाच माहीत नसतं. पावसानंतर नमुना पातळ करून लावत जा, म्हणजे ही वेळ येत नाही.

निकाल आजचा समजणं

तपासणीला १८ ते २४ तास लागतात. हातात येतो तो निकाल कालच्या पाण्याचा. म्हणून जोराचा पाऊस झाला की मी निकालाची वाट बघत नाही, निदान ४८ तास पोहू नका अशी पाटी लावते. यावर काहीजण वाद घालतात की मागचा आकडा तर चांगला होता. तो आकडा पावसाआधीच्या नदीचा होता.

फळ्यावर नुसतं ‘सुरक्षित’ लिहू नका. नमुना कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठून घेतला आणि त्यानंतर पाऊस पडला का, एवढं मोठ्या अक्षरांत लिहा. आकडा त्याच्या खाली.