गेटच्या आत जाण्याआधी घड्याळ काढा

पेट घेणाऱ्या सॉल्व्हेंटच्या टाक्यांवर शिफ्ट सांभाळायला लागून मला १८ वर्षं झाली. गेटवर मोबाइल आणि लायटर न चुकता काढून घेतले जातात. मनगटाकडे मात्र कुणी बघत नाही. "घड्याळच तर आहे साहेब," असं म्हणून माणूस आत जातो.

पण स्मार्टवॉचमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते, रेडिओ असतो, थरथरणारी मोटर असते. हायड्रोजन आणि हवेचं मिश्रण पेटायला साधारण ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते, प्रोपेनला ०.२५ च्या आसपास. एवढी बारीक ठिणगी डोळ्याला दिसतही नाही. फ्लाइट मोड लावून किंवा घड्याळ बंद करून भागत नाही ते म्हणूनच: स्क्रीन काळी झाली तरी बॅटरीतली वीज जागच्या जागी असते. बाहीखाली झाकल्यानेही काही बदलत नाही. आणि आयपी-६८ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, ती खूण फक्त धूळ-पाण्यासाठी आहे.

आधी आपण कुठल्या झोनमध्ये जातोय ते विचारा. झोन ० मध्ये स्फोटक वायू कायम किंवा बराच वेळ असतो, झोन १ मध्ये रोजच्या कामात अधूनमधून, झोन २ मध्ये क्वचित आणि थोडाच वेळ. धुळीसाठी २०, २१, २२. नकाशा सेफ्टीवाल्यांकडे असतो, वासावरून अंदाज बांधू नका. बाजारातलं साधं स्मार्टवॉच यातल्या कुठेच घालू नये. नेणं अटळच असेल, तर हॉट वर्क पर्मिट (ठिणगी पडू शकेल अशा कामाची लेखी परवानगी) आणि सतत गॅस मोजणी, तीही पर्मिट देणाऱ्याने मान्य केली तर.

स्फोटक जागेसाठी प्रमाणित घड्याळं मिळतात. त्यांच्यावर 'एक्स' (Ex) ही खूण आणि पुढे काही अक्षरं असतात. 'आयए' (ia) असेल तर झोन ० पर्यंत चालतं, 'आयबी' (ib) झोन १ पर्यंत, 'आयसी' (ic) फक्त झोन २ मध्ये. 'टू-सी' (IIC) असेल तर हायड्रोजन, ॲसिटिलीनजवळसुद्धा चालतं. 'टू-बी' (IIB) असेल तर हायड्रोजनजवळ नेऊ नका. 'टी-४' म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर तापणार नाही. आजूबाजूच्या हवेच्या तापमानाची वेगळी मर्यादा लिहिलेली नसेल तर ती उणे २० ते ४० अंश धरतात, म्हणजे भट्टीशेजारचं काम त्यात बसेलच असं नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते प्रमाणपत्राच्या क्रमांकाकडे. शेवटी सुटं 'एक्स' (X) अक्षर असेल तर वापराला खास अटी आहेत. चार्जिंग फक्त सुरक्षित जागेत, अमुकच चार्जर, अमुक कव्हर घातलेलंच हवं, अशा त्या असतात. कागद काढून त्या वाचाच.

आमच्या एका फिटरचं प्रमाणित घड्याळ व्हॉल्व्हच्या चाकावर आपटलं. काचेच्या कडेला केसाएवढा तडा. त्याने वर चिकटपट्टी लावली आणि तसाच कामाला आला. टॉर्चच्या उजेडात पट्टीची कड चमकली म्हणून मला दिसलं. तडा गेला की ते साधं घड्याळच झालं. बाहेरच्या दुकानात काच किंवा बॅटरी बदलली, तरी तेच. रोज आत जाण्याआधी काच, मागचं झाकण आणि चार्जिंगच्या पिना बघा. झाकणावर बोट फिरवा; मधे फुगवटा लागला तर बॅटरी फुगली आहे, घड्याळ जमा करा.

हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायला कुणाला डॉक्टरांनी घड्याळ सांगितलं असेल, तर ते लपवून नेऊ नये. सेफ्टी ऑफिसरला आधी सांगा. प्रमाणित यंत्र मागवता येतं, नाहीतर झोनबाहेरचं काम देता येतं.

आत गेल्यावर मनगटावर साधं घड्याळ असल्याचं लक्षात आलं, तर तिथे बटणं दाबू नका, पट्टाही सोडू नका. हात न आपटता आल्या वाटेने बाहेर या, मग काढा आणि शिफ्ट इंचार्जला कळवा. असं येऊन सांगणाऱ्याला मी आजवर कधी रागावलेलो नाही.