गाडीचा एसी गरम हवा फेकतोय? गॅस भरायला जाण्याआधी या चुका टाळा

एसीतून गरम हवा यायला लागली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गॅस संपला असेल, भरून टाका." इथेच सगळ्यात मोठी चूक होते. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही, बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात नसेल तर कुठेतरी गळती आहे. आणि कित्येकदा गॅस पुरेसा असतो, दोष दुसरीकडेच असतो.

बोनेट न उघडताच निदान करणं

इंजिन आणि एसी चालू ठेवून पाच मिनिटं थांबा. मग बोनेट उघडून, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून केबिनकडे जाणाऱ्या एसीच्या दोन नळ्या बघा. जाड नळी गार असून तिला घाम सुटलेला असेल, तरीही आत गरम हवा येत असेल, तर गॅस आणि कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) त्यांचं काम करतायत. दोष डॅशबोर्डमागच्या गरम-थंड हवा मिसळणाऱ्या फ्लॅपमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा छोट्या मोटरमध्ये आहे. अशा गाडीत गॅस भरला तर पैसे जातात आणि जास्तीच्या गॅसने नवा बिघाड होतो.

धावताना थंड आणि सिग्नलला गरम, असं होत असेल तर आधी कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी, गाडीच्या पुढच्या भागातली जाळी) पंखा तपासा. बहुतेक छोट्या गाड्यांत एसी लावल्यावर तो लगेच किंवा थोड्याच वेळात फिरायला लागतो. फिरत नसेल तर क्रमाने फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), मोटर बघा. पंखा ठीक असेल तर कंडेन्सरच्या जाळीत माती, किडे, कापसाचे तंतू अडकलेत का ते पाहा. जाळी साध्या पाइपच्या पाण्याने, शक्यतो इंजिनच्या बाजूने बाहेर धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने पातळ पत्रे दुमडतात आणि हवेचा रस्ताच बंद होतो. कोकणच्या खाऱ्या हवेत तर हे पत्रे आधीच कुजून भुगा झालेले असू शकतात. मग कंडेन्सर बदलण्याला पर्याय नाही.

पंधरा-वीस मिनिटं छान थंड आणि मग गरम, या तक्रारीत ब्लोअरचा झोत बघायचा. झोतही मंदावत असेल तर कूलिंग कॉइलवर (डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी जाळी) बर्फ जमतोय: केबिन फिल्टर तुंबलाय किंवा कॉइलचा तापमान सेन्सर बिघडलाय. झोत तसाच राहून हवा गरम होत असेल तर यंत्रणेत पाण्याचा अंश शिरून एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅसचा दाब उतरवणारी अरुंद वाट) गोठतोय, अशी शंका घ्यावी.

प्रेशर स्विचला वायर जोडून कंप्रेसर चालवणं

कंप्रेसरचा क्लच (त्याला बेल्टच्या पुलीशी जोडणारी चुंबकी प्लेट) लागत नसेल तर क्लचच्या कॉइलपर्यंत १२ व्होल्ट पोचतात का ते मीटरने मोजा. पोचत असूनही क्लच ओढला जात नसेल तर कॉइल जळलीय किंवा प्लेटमधली फट झिजून वाढलीय. व्होल्ट पोचतच नसतील तर फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विच तपासा. गॅस फार कमी झाला की हा स्विच मुद्दाम कंप्रेसर बंद ठेवतो, कारण कंप्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. स्विच बायपास केला तर कंप्रेसर कोरडा फिरून जाम होतो आणि त्याचा धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत जातो.

बंद गाडीला गेज लावून गॅस "बरोबर आहे" म्हणणं

ही चूक चांगल्या गॅरेजमध्येही होते. गाडी बंद असताना आर-१३४ए या गाड्यांच्या एसीतल्या नेहमीच्या गॅसचा दाब फक्त तापमान सांगतो. ३० अंशाला तो ९७ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास असतो, मग आत ४०० ग्रॅम गॅस असो की १५०. रीडिंग इंजिन दीड हजार आरपीएमवर ठेवूनच घ्यायचं. बाहेर ३०-३५ अंश असताना साधारण लो साइडला (कंप्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू) २५ ते ४५ आणि हाय साइडला (कंप्रेसरमधून बाहेर पडणारी जास्त दाबाची बाजू) १५० ते २५० पीएसआय अपेक्षित असतात. दोन्ही कमी असतील तर बहुधा गॅस कमी आहे. दोन्ही जास्त असतील तर गॅस जादा झालाय, आत हवा शिरलीय किंवा कंडेन्सर गार होत नाहीये. लो साइड जास्त आणि हाय साइड कमी असेल तर कंप्रेसर थकलाय. लो साइड शून्याखाली जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) तुंबलाय.

गळती न शोधता टॉप-अप

जॉइंटवर, कंप्रेसरच्या पुढच्या सीलवर आणि कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा. गॅस गळताना तेलही बाहेर येतं. नाही सापडला तर उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या, कोरडा नायट्रोजन साधारण १५० पीएसआयला भरा आणि साबणाच्या फेसाने तपासा. टायरच्या कंप्रेसरची हवा यासाठी कधीही वापरू नका, तिच्यासोबत बाष्प आत जातं.

गळती काढताना उघडलेल्या जॉइंटची ओ-रिंग (गोल रबरी सील) बदला आणि नवीन रिंगला एसीचंच तेल लावा. यंत्रणा उघडी राहिली असेल तर ड्रायरही नवा घाला. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं), आणि व्हॉल्व्ह बंद करून वीस मिनिटं गेजचा काटा हलत नाही ना, ते बघा. मुंबईत काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे जातो, पुण्यात उंचीमुळे २८ च्या आसपास थांबतो. तो पंपाचा दोष नाही.

गॅस वजनकाट्यावर तोलूनच भरा. वजन बोनेटखालच्या लेबलवर असतं. छोट्या हॅचबॅकला बहुधा ३५० ते ५०० ग्रॅम लागतो. एवढ्याशा यंत्रणेत ५०-६० ग्रॅमची चूकही जाणवते. लेबलवर आर-१२३४वायएफ (वेगळ्या प्रकारचा गॅस) लिहिलं असेल तर आर-१३४ए भरायचा नाही. चालू इंजिनवर डबा उलटा धरून लो साइडने द्रव गॅस सोडला तर कंप्रेसरचे व्हॉल्व्ह तुटू शकतात. एलपीजी मिसळलेला स्वस्त गॅस कोणी देत असेल तर सरळ नकार द्या: कूलिंग कॉइल गळली की तो ज्वलनशील गॅस तुमच्या केबिनमध्येच येतो.

काम झाल्यावर काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू करून मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर ठेवा. बाहेर ३०-३५ अंश असताना दहा मिनिटांत ७ ते १२ अंश दिसले पाहिजेत. गॅरेज सोडण्यापूर्वी दोन्ही सर्व्हिस पोर्टची प्लास्टिकची टोपणं परत बसवली आहेत का, तेही बघून घ्या.