'क्लाविस' ते 'चावी': एक लॅटिन नाम चालवताना

लॅटिन नव्याने शिकत असाल तर 'क्लाविस' म्हणजे किल्ली, हे नाम पहिल्या महिन्यातच पक्कं करा. पोर्तुगीजांमार्फत तेच मराठीत 'चावी' होऊन आलं आहे.

आधी रूपं. एकवचनात प्रथमा क्लाविस, द्वितीया क्लावेम, चतुर्थी क्लावी, पंचमी क्लावी किंवा क्लावे, षष्ठी पुन्हा क्लाविस. अनेकवचनात प्रथमा-द्वितीया क्लावेस, चतुर्थी-पंचमी क्लाविबुस, षष्ठी क्लाविउम. शाळेत संस्कृतमधला 'मति' चालवला असेल तर ही इकारान्त स्त्रीलिंगी घडण ओळखीची वाटेल.

हमखास चुकते ती षष्ठी अनेकवचनी. 'रेक्स'चं (म्हणजे राजाचं) 'रेगुम' डोक्यात बसलेलं असतं, त्या चालीवर 'क्लावुम' लिहिलं जातं. पण 'क्लावुम' हे 'क्लावुस' या पुल्लिंगी नामाचं द्वितीयेचं रूप आहे, अर्थ 'खिळ्याला'! म्हणजे किल्ल्यांचा झाला खिळा. प्रथमा आणि षष्ठी एकवचनात उच्चारातल्या अक्षरांची संख्या सारखीच असेल तर षष्ठी अनेकवचनाचा शेवट 'इउम', एवढं ध्यानात ठेवा. पातेर (वडील), कानिस (कुत्रा) हे अपवाद, ते वेगळे पाठ करा.

आता वंशज. ते प्रथमेतून नव्हे, द्वितीयेतून निघतात, म्हणून तक्ता 'क्लावेम'पासून मांडा. शेवटचा म गळतो. इटालियनमध्ये क्यावे, स्पॅनिशमध्ये यावे, फ्रेंचमध्ये क्ले, पोर्तुगीजमध्ये शाव. सगळे स्त्रीलिंगी, आपल्या चावीसारखेच.

'शाव'ची 'चावी' कशी, हा प्रश्न पडायलाच हवा. आज लिस्बनमध्ये 'श' ऐकू येतो, पण 1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेलं त्या काळात त्याच 'ch' या अक्षरजोडीचा उच्चार 'च' होता. लिस्बनमधून लोपलेला उच्चार आपल्या जिभेवर राहिला, ही मला या शब्दातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

स्पॅनिश किंवा पोर्तुगीज कोशात 'क्लावे'ही सापडेल. त्याने गोंधळू नका. तो पंडितांनी पुस्तकी लॅटिनमधून पुन्हा उचललेला शब्द आहे, बोलीतून झिजत आलेला नाही. म्हणून त्याचा 'क्ल' शाबूत राहिला. दवाखान्यातल्या 'ऑटोक्लेव्ह'मध्येही हीच पुस्तकी किल्ली आहे: आपोआप बंद होणारं भांडं.

'किल्ली' आणि 'क्लाविस' कानाला जवळचे वाटतात, तेवढ्यावरून मात्र नातं जोडू नका. ध्वनिबदलाचा नियम आणखी दोन-तीन शब्दांत दाखवता आला तरच ते धरायचं. 'क्ल'चा पोर्तुगीजमध्ये 'श' होतो हे 'क्लामारे'वर, म्हणजे हाक मारण्यावर, तपासा: तिथे शमार, स्पॅनिशमध्ये यामार, इटालियनमध्ये क्यामारे.