पोलिसांनी गाडी थांबवण्याचा इशारा केल्यावर

नव्याने गाडी चालवू लागलेला तरुण पोलिसांचा इशारा दिसताच गोंधळतो, आणि माझ्या मते खरा धोका याच क्षणी असतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर कापते. त्यामुळे एकाएकी ब्रेक दाबल्यास मागच्या वाहनाला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून आधी आरसा पाहावा, इंडिकेटर द्यावा, वेग हळूहळू कमी करावा आणि वाहतुकीच्या आड येणार नाही अशा जागी कडेला थांबावे. इंजिन बंद करावे, काच खाली घ्यावी, रात्र असल्यास आतला दिवा लावावा आणि हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत. कागदपत्रे कप्प्यात असतील तर ती काढण्यापूर्वी तसे सांगावे, कारण अंधारात वाकून काहीतरी शोधणारा चालक नेमके काय करतो आहे, हे बाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला कळत नाही. सांगितल्याशिवाय खाली उतरू नये.

थांबवण्याचे कारण नम्रपणे विचारण्यात काहीही गैर नाही. आरोप मान्य नसेल, तर तसे शांतपणे सांगावे, दंडाची पावती जपून ठेवावी, स्थळ, वेळ आणि सिग्नलची स्थिती लगेच लिहून काढावी व मुदतीत रीतसर हरकत नोंदवावी. पैसे देऊन प्रकरण मिटवण्याची भाषा मात्र कधीही करू नये. सोबतच्या मित्रांनाही हे निघण्यापूर्वीच सांगावे, कारण मागच्या आसनावरून आलेला एखादा टोमणा चालकालाच महागात पडतो.