गिटारची भणभण: कॉपर टेप मागवण्याआधी

इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पला जोडली आणि मागून भणभण सुरू झाली, की बहुतेक जण वायरिंगला दोष देऊन कॉपर टेप मागवतात, गिटारच्या आतून चिकटवून शील्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं धातूचं अस्तर) करायला. पुष्कळदा दोषी निघतो तो भिंतीतला सॉकेट, लॅपटॉपचा चार्जर किंवा पंख्याचा रेग्युलेटर. म्हणून स्क्रू सोडवण्याआधी आवाज कुठून शिरतोय ते ठरवा. त्याला पाच मिनिटं पुरतात.

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज गेला तर तो पिकअपमधून (तारांची कंपनं पकडणारी, चुंबकाभोवतीची कॉइल) किंवा आतल्या वायरिंगमधून येत होता. तसाच राहिला तर केबल अ‍ॅम्पच्या इनपुटमधून उपसा. आता शांत झालं तर केबल, गिटारचा जॅक आणि मधले पेडल तपासायचे. तरीही घूं चालूच असेल तर गिटारचा संबंध नाही, अ‍ॅम्प आणि वीज बघा.

आता व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि तारांवर तळहात ठेवा. इथे चार गोष्टी घडू शकतात.

हात लावल्यावर आवाज कमी होतो: ब्रिजची (तारा अंगावर जिथे टेकतात तो धातूचा भाग) अर्थ वायर शाबूत आहे. आपलं शरीर घरातल्या वायरिंगचं विद्युतक्षेत्र पकडतं आणि गिटारकडे पोचवतं. तारांमधून ते ग्राउंडला जोडलं गेलं की हा मार्ग बंद होतो. थोडा फरक प्रत्येक गिटारमध्ये पडतो. फरक फार मोठा असेल तर शील्डिंग कमी आहे.

तारांना हात लावून काही फरक नाही, पण केबलच्या प्लगच्या धातूला लावला की शांत: ब्रिजची वायर तुटली आहे.

हात लावल्यावर आवाज वाढतो: जॅकवरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत, किंवा सॉकेटला अर्थिंगच नाही.

बोटांना झिणझिण्या येतात: तिथेच थांबा, अ‍ॅम्पचा प्लग काढा. १९७२ मध्ये स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग बरोबर नसलेल्या माइकला हात लागून शॉकने स्टेजवरच मरण पावला. अ‍ॅम्पची अर्थ पिन काढून किंवा टू-पिन अ‍ॅडॅप्टर लावून घूं कमी करायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. आवाज जातो, पण सोबत जीव वाचवणारी वायरही जाते.

सॉकेट तपासायला मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट यायला हवेत, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थचा आकडा बराच कमी किंवा हलता दिसला तर अर्थ लटकती आहे. जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नसेल तर हे काम वायरमनला सांगा.

लॅपटॉपला इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी) लावून वाजवत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. टू-पिन चार्जरमधून अगदी थोडी गळती बाहेरच्या धातूवर येते आणि तीच तारांमध्ये ऐकू येते. मग पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर एकेक करून बंद करा. यांचा आवाज साध्या घूंपेक्षा टोकदार आणि करकरीत असतो. पेडल एकाच अ‍ॅडॅप्टरवरून साखळीने चालत असतील तर एकेक ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघा.

अजून एक चाचणी, जी बहुतेक जण विसरतात: वाजवण्याच्या स्थितीत गिटार धरून स्वतःभोवती हळूहळू फिरा. ठरावीक दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होत असेल तर तो चुंबकीय आहे, ट्रान्सफॉर्मरमधून सरळ सिंगल कॉइलमध्ये (एकाच कॉइलच्या पिकअपमध्ये) शिरणारा. कॉपर फॉइल ५० हर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही, कितीही चिकटवलीत तरी. उपाय म्हणजे अ‍ॅम्पपासून लांब बसा, किंवा स्ट्रॅटचा (स्ट्रॅटोकास्टर गिटारचा) मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर पिकअप निवडायच्या स्विचची २ आणि ४ नंबरची पोझिशन वापरा, किंवा हमबकर (घूं रद्द करणारा दोन कॉइलचा पिकअप) बसवा.

गिटारच दोषी ठरली तर केबल काढून मागचं झाकण किंवा पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पट्टी) उघडा. मीटर २०० ओहमवर ठेवून एक प्रोब जॅकच्या बाहेरच्या पट्टीला आणि दुसरा ब्रिजला लावा. प्रोबचा स्वतःचा रोध वजा करून १ ओहमच्या आत आलं तर ठीक. काहीच दाखवत नसेल तर वायर शोधा: स्ट्रॅटमध्ये ती मागच्या स्प्रिंगच्या पंजाला सोल्डर केलेली असते, टेलीमध्ये (टेलिकास्टर) ब्रिजच्या प्लेटखाली दाबलेली, लेस पॉल गिटारमध्ये टेलपीसच्या (तारांची टोकं अडकवायची पट्टी) खुंटीच्या भोकात. टेलीमध्ये प्लेटखाली रंग किंवा गंज असला तरी संपर्क तुटतो. सक्रिय (बॅटरीवर चालणारे) ईएमजी कंपनीचे पिकअप असतील तर ब्रिजची वायर नसणंच बरोबर, ती शोधत बसू नका.

सोल्डरचा सांधा मंद, दाणेदार दिसला किंवा गोळी होऊन बसला असेल तर तो कच्चा आहे. पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग) पाठीवर लावताना २५ वॉटचं आयर्न टाळा. ते पॉटची पाठ तापवायला इतका वेळ घेतं की आतली कार्बनची पट्टी भाजून निघते. ४० ते ६० वॉटचं, रुंद टोकाचं घ्या, पाठ सँडपेपरने घासा, राळयुक्त ६०/४० सोल्डर वापरा आणि तीन-चार सेकंदांत काम संपवा. स्ट्रॅटचा पंजा जाड धातूचा असतो, तिथे थोडा जास्त वेळ लागेल.

शील्डिंगचीच गरज असेल तर वाहक गोंदाची ५० मिमी रुंद कॉपर टेप आणा. वायरिंग बसतं त्या पोकळीचा तळ आणि भिंती झाका, तुकडे ५-६ मिमी एकमेकांवर चढवा आणि प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्या, कारण वाहक म्हणून विकलेला गोंद नेहमी वाहक नसतो. टेपची कड पोकळीच्या काठावर थोडी दुमडा, म्हणजे पिकगार्डच्या मागची फॉइल तिला टेकेल. मग फॉइलपासून व्हॉल्यूम पॉटच्या पाठीपर्यंत एक वायर ओढा. ही राहिली तर सगळी फॉइल फुकट, कधी कधी आवाज वाढतोही. गिटारच्या आत ग्राउंड लूप (अर्थच्या वायरींचं बंद वर्तुळ) होईल म्हणून सगळ्या वायरी एकाच बिंदूला आणण्याचा खटाटोप मात्र करू नका. एवढ्या छोट्या पोकळीत त्याने ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही.

बंद करण्याआधी जॅकमध्ये प्लग घालून बघा. प्लग आत गेला की टिपची पट्टी मागे सरकते आणि फॉइलला टेकली तर गिटार पूर्ण मुकी होते. त्या जागी इन्सुलेशन टेपचे दोन थर लावा.