आश्रयाला आलेल्या मुलांचं कॉलेज : जूनच्या आधी काय जमवायचं

बारावीचा निकाल लागला की कॉलेजच्या खिडकीवर झुंबड उडते. त्या गर्दीत आश्रयाला आलेल्या मुलाचं सगळं ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते. म्हणून नाशिकमध्ये एखाद्या अफगाण किंवा सुदानी मुलाच्या पाठीशी उभं राहणार असाल, तर मार्चमध्येच कामाला लागा.

आधी तो इथे कोणत्या कागदावर राहतो ते बघा. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे युएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं, कार्ड त्याच्यासाठी फार मोलाचं असलं तरी ते व्हिसाच्या जागी चालत नाही आणि नुसत्या त्या कार्डावर आधार कार्डही निघत नाही. दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर वाट बरीच सोपी होते. केंद्राने २०११ साली ठरवलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे असा व्हिसा मिळालेल्याला कोणत्याही शिक्षणसंस्थेत शिकता येतं. त्या परिपत्रकाची प्रत फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. परदेशी विद्यार्थ्याची माहिती कॉलेजला सरकारला कळवावी लागते, म्हणून क्लार्क बिचकतात. कागद दिसला की बोलणं पुढे सरकतं.

मग नाव आणि जन्मतारीख. याला एक अख्खी संध्याकाळ द्या. अफगाण तझकिऱ्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, मुलाचं, वडिलांचं आणि आजोबांचं नाव असतं, आडनाव बहुधा नसतंच. आपला फॉर्म मात्र आडनावाशिवाय पुढे जात नाही. कुणी तिथे वडिलांचं नाव टाकतं, कुणी जमातीचं, आणि एकाच मुलाची तीन नावं होतात. सालही त्यांच्या पंचांगाचं : १३८३ म्हणजे मार्च २००४ ते मार्च २००५. कार्डावर किंवा व्हिसावर जे स्पेलिंग आणि जी तारीख आहे, तीच सगळीकडे धरा. बाकीच्या नावांसाठी ‘व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. शिक्षणात पडलेल्या खंडाचं, म्हणजे गॅपचं, प्रतिज्ञापत्रही त्याच फेरीत उरका.

खिडकीवर कुणी ‘दूतावासाचं पत्र आणा’ म्हणालं, तर हो म्हणू नका. ज्या सरकारच्या भीतीने मूल पळून आलं, त्याच्याच दारात त्याला पाठवायचं नसतं. मागे राहिलेल्या घरच्यांनाही त्याची झळ बसू शकते. युएनएचसीआरला किंवा वकिलाला विचारल्याशिवाय तिकडे फोनसुद्धा करू नका. हे मी हात जोडून सांगते.

परदेशातली बारावी असेल तर ती इथल्या बारावीच्या तोडीची असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे समकक्षता, घ्यावी लागते; ती सध्या कुठून मिळते ते आधी विचारून घ्या. शहरातली बरीचशी कॉलेजं पुणे विद्यापीठाची, त्यामुळे एलिजिबिलिटी, म्हणजे प्रवेशाला पात्र असल्याची मान्यता, पुण्याहून येते. गुणपत्रिका हरवल्याच असतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) दहावी बघा. तिथे वय १४ पूर्ण लागतं आणि आधीच्या शिक्षणाचं स्वयंघोषणापत्र चालतं. गोवर्धनचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नोकरी करणाऱ्याला सोयीचं, फक्त माध्यम तपासा, पुष्कळ पुस्तकं मराठीतच आहेत.

फी कोणत्या दराने घेणार ते लेखी विचारा, परदेशी विद्यार्थ्यांचा दर वेगळा असतो. जर्मन सरकारच्या मदतीने १९९२पासून चालणाऱ्या ‘डाफी’ शिष्यवृत्तीची चौकशी युएनएचसीआरकडे करा. खोली घेतलीत की मालकाला २४ तासांत परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळवायला लावा; त्या फॉर्मला पूर्वी सी-फॉर्म म्हणत.

अर्ज द्यायला बरोबर जा, पण बोलू त्यालाच द्या. तोंडी नकार आला तर तो लेखी मागा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का पोचेवर पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.